तळ दिसेनासा झाला की छाती आवळते. समुद्रात पोहायचंय, काय करू?

कोथरूडकरीण:

नमस्कार मंडळी. वय ४३. पोहायला उशिरा शिकले, पण मनापासून शिकले. आता टँकमध्ये फ्रीस्टाइलनं दीड किलोमीटर न धापता होतं. त्या भरवशावर डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते, तिच्या १ किलोमीटरच्या गटात उतरायचं ठरवलं आहे.

परवा ग्रुपबरोबर मुळशीकडच्या एका तळ्यावर गेले. काठापासून थोडं पुढे जाईपर्यंत खाली पिवळट माती दिसत होती. मग हिरवं झालं आणि मग काहीच नाही. हात स्वतःचेच कोपरापर्यंत दिसत होते, पुढे नाहीत. तिथे छाती आवळली. हातपाय चालत होते, पण श्वास आत जाईना. डोकं वर काढून कसाबसा काठ गाठला आणि नंतर बराच वेळ हात थरथरत होते.

बरोबरचे म्हणाले, "विचार करू नकोस, टँकमध्ये करतेस तेच कर." एकानं रोहन मोरेचं उदाहरण दिलं. आपल्या पुण्याचा मुलगा, २०१८ मध्ये जगातल्या सात खडतर समुद्रधुन्या पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई. त्याचा मला अतिशय अभिमान आहे, पण त्यानं माझा श्वास मोकळा होत नाही.

मला पोहता येतं. मग नुसता तळ दिसत नाही एवढ्यानं असं का व्हावं? ही भीती जाते का? हातात दोन महिने आहेत. जे यातून गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खाडीपलीकडे:

जाते. माझी गेली. सगळ्यात आधी कमरेला बांधायचा नारिंगी फ्लोट घ्या, मागे दोरीनं ओढत नेतात तो. त्याचा पोहण्याला अडथळा होत नाही, धरून विसावा घेता येतो आणि होडीवाल्यांना तुम्ही लांबून दिसता. मात्र तो लाइफ जॅकेट नव्हे, त्याच्या भरवशावर एकटं जायचं नाही.

पंचगंगेकाठची:

अगं, एकेरीत लिहिते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. मी कोल्हापूरची. बँकेतून निवृत्त झाले. उन्हाळ्यात मोठ्या वयाच्या बायकांना पोहायला शिकवते, आधी टँकमध्ये आणि तयार झाल्या की राजाराम तलावात. तू लिहिलंयस ते मी खूप जणींच्या बाबतीत पाहिलं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुझ्या लिहिण्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हातपाय चालत होते. पोहणं तुला सोडून गेलं नव्हतं. नव्हती ती थांबायची जागा. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये दीड किलोमीटर म्हणजे साठ वेळा भिंत. दर वेळी हात टेकतो, पायानं रेटा देता येतो, वाटलं तर दोन श्वास जास्तीचे घेता येतात. मधोमध असलीस तरी कठडा साडेबारा मीटरवर. तू हे मोजत नसशील, पण शरीर मोजत असतं. खालच्या फरश्या आणि काळी रेघ हासुद्धा त्याच हिशेबाचा भाग. तळ्यात तो तळ गेला तेव्हा शरीरानं विचारलं, आता थांबायचं कुठे? आणि टँकमध्ये याचं उत्तर कुणी शिकवतच नाही.

मी गावातल्या विहिरीत शिकले. पाठीला डबा बांधून काकांनी सोडलं. चार परस पाणी, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल, तळ आम्ही कधी पाहिलाच नाही. पायाखाली काही नाही हे पहिल्या दिवसापासूनच ठरलेलं, त्यामुळे विहिरीत शिकलेल्या पोरांना खोलीची धास्ती सहसा नसते. त्यांचे हात वेडेवाकडे पडतात, पाणी चहूकडे उडतं, पण त्याच पाण्यात उभ्या उभ्या गप्पा मारत खुशाल राहतात. टँकमध्ये शिकलेल्या बायकांचा हात बघत राहावा इतका देखणा असतो, आणि मध्येच थांब म्हटलं की त्या बावरतात. म्हणून तुला सांगते, या दोन महिन्यांत अंतर वाढवायच्या मागे लागू नकोस. पाण्यातच थांबायला शिक.

टँकच्या खोल बाजूपासून सुरुवात कर. मधोमध जाऊन थांबायचं, पाठीवर वळायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे आणि पोट सैल सोडून श्वास घ्यायचा. बहुतेक जणी इथे मान उचलून पायांकडे बघतात, मग कंबर खाली जाते. नजर आभाळाकडे ठेव. चार-पाच श्वास झाले की पालथी होऊन पुढे निघ. जमलं की उभ्यानं थांब, हात पाण्याखाली आडवे फिरवत. मग पूर्ण वेळ भिंतीला न शिवता पोह, म्हणजे भिंतीच्या अलीकडेच वळायचं. पहिल्या दिवशी तुझी धाप बघून तूच चकित होशील, कारण भिंत किती काम करत होती ते तेव्हा कळतं. सवय झाली की मोकळ्या लेनमध्ये थोडे हात डोळे मिटून मार.

आता श्वासाचं. श्वास आत जात नाही असं वाटतं तेव्हा बहुतेकदा आतला बाहेर पडलेला नसतो. घाबरलं की माणूस तोंड पाण्यात घालताच श्वास कोंडतो आणि डोकं वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एका क्षणात उरकायला बघतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि गुदमरल्याची भावना त्यानंच येते, ऑक्सिजन पुरेसा असला तरी. उपाय एकच, तोंड पाण्यात असेपर्यंत सतत सोडत राहायचं. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई यायच्या. किती सांगितलं तरी पाण्यात श्वास धरून ठेवायच्या. शेवटी त्यांना म्हटलं, पाण्यात "विठ्ठल विठ्ठल" म्हणा. म्हणताना श्वास बाहेर पडतोच! तलावाच्या मध्यावर त्यांचा तो बुडबुड्यांचा विठ्ठल मला कयाकमध्ये बसून ऐकू यायचा. तुला दुसरं काही आवडत असेल तर ते गुणगुण, आवाज निघाला पाहिजे एवढंच.

मग त्याच तळ्यावर परत जा. तेच हवं, दुसरं नको. बरोबर चांगला पोहणारा माणूस आणि फ्लोट हवाच. आधी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तोंड बुडव, श्वास शांत होईपर्यंत तिथेच राहा. मग काठाला समांतर, पाय टेकतील अशा पाण्यात पोह. आणि मग तळ जिथे दिसेनासा होतो त्या जागेपर्यंत जा आणि तिथेच थांब. पुढे जायचं नाही, मागेही फिरायचं नाही. पाठीवर हो. छाती धडधडेल. धडधडू दे. भीती चढते, काही वेळ तिथे राहते आणि उतरते. ती चढत असतानाच पळून काठ गाठला, तर शरीर समजतं की पळाल्यामुळे वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी अलीकडे आवळतं. ती उतरेपर्यंत तिथे राहिलीस आणि मग सावकाश परत आलीस, तर पुढच्या खेपेला ती जागाच थोडी पुढे सरकते. आमच्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

"विचार करू नकोस" हा सल्ला मला पटत नाही. घाबरलेल्या मनाला रिकामं ठेवता येत नाही. त्याला काम दे. हात मोज, दर आठ हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून पलीकडची खूण बघ, पुन्हा मोज.

समुद्राबद्दल एक दिलासा देते. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण २.५ टक्के जड असतं, त्यामुळे अंग वर राहतं. तळ्यात पाठीवर पडायला जमलं तर चिवल्याला त्याहून सोपं जाईल.

स्टेथोस्कोप:

ताईंनी सुरेख लिहिलं आहे. मी डॉक्टर आहे आणि स्वतः पोहतो, म्हणून एवढीच भर घालतो. घाबरल्यामुळे आलेली धाप पाठीवर पडून शांत श्वास घेतल्यावर काही मिनिटांत उतरते. ती उतरलीच नाही, खोकला सुरू झाला, छातीत घरघर वाटली किंवा थुंकीला गुलाबी फेस दिसला, तर ती भीती समजू नका. पोहताना फुप्फुसात पाणी साठण्याचा एक प्रकार असतो, नाकातोंडात पाणी न जाताही तो होतो. ताबडतोब बाहेर या आणि दवाखाना गाठा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांत हा धोका अधिक. म्हणून चाळिशीनंतर स्पर्धेआधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. तुमचा प्रसंग भीतीचाच वाटतो, पण तपासणी टाळू नका.

थंडीचंही लक्षात ठेवा. गार पाण्यात एकदम शिरलं की पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपोआप भराभर होतो. तो रोखता येत नाही, ओसरू द्यावा लागतो. डिसेंबरात पहाटे घाटमाथ्यावरच्या तळ्यात हे जाणवेल. कोकणातला समुद्र मात्र तेव्हाही २७-२८ अंशांच्या आसपास असतो, तिथे ही अडचण नाही.

चिवल्यावरचो:

आमच्या दारातली स्पर्धा, म्हणून लिहितो. दोन दिवस आधी येवा आणि पाणी बघून घ्या.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हे अंदाजाला ठीक, पाण्यात उतरताना छापील कोष्टक बघायचं. सरावाला अष्टमी-नवमीची सकाळ उत्तम. ते भांगाचे दिवस, पाण्याची चढउतार कमी, आणि भरती टोकाला असल्यानं ओढही मंद. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, नवख्या माणसानं तेव्हा सुरुवात करू नये.

थंडीत सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो. पाणी सपाट असतं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण ताई म्हणतात तसं पाठीवर तरंगत राहिलात तर तोच वारा तुम्हाला हळूहळू आत नेतो. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरा, एक जवळची आणि एक मागची, म्हणजे एखादा माड आणि त्याच्या मागचं घर. दोन्ही एका रेषेत दिसताहेत तोवर तुम्ही आडव्या सरकलेल्या नाही. आत किती गेलात ते मात्र बरोबरच्या माणसाला बघायला सांगा. दुपारकडे खारा वारा सुटतो आणि पाणी सपाट राहत नाही, तेव्हा पहिली ओळख सकाळीच करा.

खडकांच्या अंगाला जाऊ नका, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार पाय फाडते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर त्यापासून लांब राहा, आणि कुठे उतरू ते रापणकरांनाच विचारा. ते राग मानत नाहीत, उलट लक्ष ठेवतात.

कोथरूडकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल टँकमध्ये भिंतीला न शिवता पोहून बघितलं. तुम्ही म्हणालात तशीच धाप लागली, आणि खोल बाजूला पाठीवर पडताना मान खरंच उचलली जात होती. रक्तदाबाची वेळही घेतली आहे.

एकच शंका. स्पर्धेत सगळे एकदम पाण्यात धावतात, हात-पाय लागतात. आणि अचानक लाट तोंडात गेली तर?

पंचगंगेकाठची:

सुरुवातीला धावू नकोस. कडेला, सगळ्यांच्या मागे उभी राहा आणि गर्दी पुढे जाऊ दे. १ किलोमीटरमध्ये त्यानं एखादं मिनिट जाईल, तुला ते परवडतं. पाण्यात शिरण्यापूर्वी तोंडावर, मानेवर पाणी मार. पहिले शंभरेक मीटर मुद्दाम हळू जा, कारण दम याच टप्प्यात सुटतो.

लाटेसाठी दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय लाव. लाट उजवीकडून येत असेल तर डावीकडून घ्यायचा. तरी पाणी गेलंच तर गिळायचं नाही, फुर्रकन बाहेर टाकायचं, पाठीवर व्हायचं आणि खोकून घ्यायचं. टँकमध्ये मुद्दाम अर्धं तोंड पाणी घेऊन हे करून बघ. गॉगलमध्ये पाणी शिरलं तरी हेच, पाठीवर हो आणि निवांत नीट कर. हात वर केलास की सुरक्षेची होडी येईल. होडीला नुसतं धरून विसावा घेतलेला चालतो का, आणि फ्लोट बांधू देतात का, हे आयोजकांना आधीच विचारून ठेव. दोन्हीची उत्तरं माहीत असली की मन बरंच हलकं राहतं.

आणि पुढच्या रविवारी तळ्यावर जाशील तेव्हा इथे लिही. तळ कुठे दिसेनासा झाला आणि तिथे किती वेळ थांबलीस, एवढंच लिही. अंतर विचारणार नाही.