मदत हवी आहे: बन्सी गव्हाच्या दाण्याला पांढरं पोट, युरिया नेमका कधी द्यायचा?

नमस्कार मंडळी,
निफाडकडं आमचं रान आहे, दीड एकर गोदावरी (बन्सी, म्हणजे रव्याच्या कडक गव्हाचा वाण) केला होता, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरला, एकरी 18 क्विंटल पडला म्हणून खूश होतो, पण व्यापाऱ्याने मूठभर दाणे हातावर घेतले आणि म्हणे निम्म्या दाण्यांना पांढरं पोट आहे, रव्याला चालणार नाही, आणि दर पाडला. घरी येऊन दाणा कापून बघितला, आतून खरंच खडूसारखा पांढरा. बन्सी कसा काचेसारखा पाहिजे ना.

खत: पेरताना एकरी 10:26:26 ची एक गोणी, 21व्या दिवशी युरियाची एक. फेब्रुवारीत खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा घाबरून अर्धी गोणी युरिया वरून फेकला, पाणी आधीच देऊन झालं होतं.

शेजारचे काका म्हणतात निसवताना (ओंबी बाहेर पडताना) युरिया द्यायला पाहिजे होता. पुतणी बीएस्सी ॲग्री करते, ती म्हणते काका, दाण्यातला बहुतेक नायट्रोजन फुलोऱ्याच्या आधीच झाडात साठलेला असतो, पानं तो मोडून ओंबीला देतात म्हणून पिवळी पडतात. मग मी फेकला तो गेला कुठं? आणि गेल्या वर्षी ऊन लवकर तापलं, दाणे बारीक झाले पण पांढरं पोट अजिबात नव्हतं, खत तेवढंच! हे काय कोडं आहे?

मातीवाला:
दादा, पुतणीला पेढे द्या. पानात रुबिस्को नावाचं प्रोटीन भरपूर असतं, तेच झाडाचं नायट्रोजनचं कोठार. फुलोऱ्यानंतर ते मोडून ग्लुटामाइनसारखी अमिनो आम्लं ओंबीकडे जातात, आधी खालची पानं रिकामी होतात, सगळ्यात शेवटी ध्वजपान, म्हणजे ओंबीजवळचं सगळ्यात वरचं पान. म्हणजे तुम्ही घाबरलात ती पानं आजारी नव्हती, काम करत होती. 2006 मध्ये तर खपली गव्हाच्या रानटी भाऊबंदात एक जीन सापडला, तो चालू असला की पानं लवकर वाळतात आणि दाण्यात प्रोटीन, झिंक, लोह जास्त उतरतं.

पिठूळ भाग म्हणजे स्टार्च मात्र दाणा भरताना रोजच्या उन्हात ताजा तयार होतो. गेल्या वर्षी उन्हाने भरायचे दिवस कमी केले, स्टार्च कमी बसला, नायट्रोजन कोठारातून आलाच, म्हणून दाणा बारीक पण काचेसारखा. यंदा उलट झालं, दाणा टपोरा भरला आणि प्रोटीन विरळ झालं, म्हणून पांढरं पोट.

आता हिशोब. 18 क्विंटलला 12 टक्के प्रोटीन हवं तर दाण्यातच 38 किलो नायट्रोजन लागतो (प्रोटीन भागिले 5.7), काडातला वेगळा. तुम्ही दिला किती? 10:26:26 च्या 50 किलोच्या गोणीत 10 टक्के नायट्रोजन, म्हणजे 5 किलो, आणि युरियाच्या 45 किलोच्या गोणीतून जवळपास 21, एकूण 26. जमिनीतून थोडा मिळतो, पण खर्च मोठा आहे हो. फेब्रुवारीचा फेकलेला बराचसा अमोनिया होऊन उडाला असणार, वर पाणी नाही आणि मुळंही तोवर थकलेली.

काळीकसदार:
मग फुलोऱ्यानंतर 2 टक्के युरिया फवारला तर? आमच्याकडे करतात.

मातीवाला:
करा की, पण अपेक्षा बेताची ठेवा. एकरी 200 लिटर पाण्यात 4 किलो युरिया, म्हणजे 1.8 किलो नायट्रोजन, सगळा दाण्यात गेला तरी प्रोटीन अर्ध्या टक्क्याने वाढेल. संध्याकाळी फवारा, उन्हात पानांची टोकं करपतात.

धागाकर्ता:
डोक्यात उजेड पडला, धन्यवाद. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नायट्रोजनची शिफारस आहे, म्हणजे एकरी 48, मी निम्म्यावरच होतो की! पुढच्या साली निम्मा पेरताना, बाकी 21व्या दिवशी आणि थोडा कांडी धरताना (खोडाला पेरं सुटताना) पाण्याआधी द्यावा म्हणतो. पण आमच्या काळ्या रानात जास्त झाला की गहू लोळतो, एकदा लोळलाय. कांडीचा हप्ता किती ठेवू, अर्धी गोणी बस होईल का?