मदत हवी आहे: सैन्यं बुलपप रायफली का सोडतायत?

मंडळी, बुलपपमध्ये मॅगझिन आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) ट्रिगरच्या मागे, थेट दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागात असतात. त्यामुळे नळी न कापता रायफल आखूड होते. आपल्या विशेष दलांकडची बुलपप टॅव्होर साधारण ७२ सेंमी, नेहमीच्या रचनेची इन्सास ९६ सेंमी. नळी मात्र दोन्हींची ४६ सेंमीच्या आसपास. चिलखती गाडीतून उतरताना किंवा घराघरांतल्या चकमकीत हा फायदा मला तरी फार मोठा वाटतो.

मग फ्रान्सने १९७८ पासूनची बुलपप फामास सोडून नेहमीच्या रचनेची एचके४१६ का घेतली? चीननेही २०१९ मध्ये नेहमीच्या रचनेची क्यूबीझेड-१९१ पुढे आणली. ऑस्ट्रियाची बुलपप ऑग मात्र अजून टिकून आहे.

तोटे वाचलेत: ट्रिगरपासून मागच्या यंत्रणेपर्यंत लांब दांडी असल्याने ट्रिगर दाबायला जड आणि लिबलिबीत लागतो, मॅगझिन काखेजवळ बदलावं लागतं. डाव्या खांद्याचा प्रश्न तर गंभीरच. ब्रिटिश बुलपप एल८५ डाव्या खांद्यावरून चालवली तर रिकामी काडतुसं तोंडावरच येतात.

यातलं निर्णायक कारण कोणतं? की दुमडता दस्ता आणि आखूड नळीची कार्बाइन पुरेशी ठरते? दोन्ही प्रकार हाताळलेल्या माजी सैनिकांनी, विशेषतः डावखुऱ्यांनी, कृपया सविस्तर सांगावं.