बोटाच्या उबेने बदलणारी तिकिटं

भूतानने ग्रामोफोनवर तबकडीसारखी वाजणारी टपाल तिकिटं काढली होती, हे वाचून मस्त वाटलं. अशाच आणखी काही अजब टपाल तिकिटांची त्यात थोडी भर घालतो.

नोबेल पारितोषिकाच्या शताब्दीला, २००१ साली, ब्रिटनने सहा तिकिटांचा संच काढला. भौतिकशास्त्राच्या तिकिटावर होलोग्राम, वैद्यकशास्त्राच्या तिकिटाला खरवडलं की निलगिरीचा वास. पण माझा जीव जडलाय रसायनशास्त्राच्या तिकिटावर. साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूवर बोट टेकवलं की उबेने शाई बदलते आणि आत अडकलेला आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, दिसतो. तंत्र विषयातूनच उगवलंय, म्हणून ते नुसती करामत वाटत नाही. अमेरिकेचं २०१७ चं खग्रास सूर्यग्रहणाचं तिकीटही असंच. काळ्या वर्तुळावर बोट ठेवा, चंद्र उमटतो.

पोर्तुगालचं बुचावर (कॉर्कवर) छापलेलं आणि ऑस्ट्रियाचं उल्केची पूड लावलेलं तिकीटही जरूर बघा.

जपणुकीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. उष्णतेने बदलणारी शाई अतिनील किरणांनी खराब होते, तेव्हा अशी तिकिटं उजेडात मांडून ठेवू नका. सुवासिक तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायच्या भानगडीत पडू नका. पाकिटाचा तुकडा कापून तसाच ठेवा.