जुनी गाडी स्वतः विकताना नुसते बघे फार येतात, खरं गिऱ्हाईक कसं ओळखायचं? (नागपूर, एमएच-31)

धरमपेठ_31

नमस्कार. वॅगनआर विकायला काढली आहे. 2018 चं पेट्रोल मॉडेल, एमएच-31 पासिंग, फर्स्ट ओनर, रीडिंग 52 हजार, किंमत 3 लाख 60 हजार टाकली आहे. दोन आठवडे झाले. रोज 15-20 मेसेज येऊन राहिले, पण निम्मे लोक "लास्ट किती?" विचारतात आणि गायब होतात. रविवारी सात जणांनी वेळ घेतली, आले दोन. त्यातला एक चक्कर मारून "घरी विचारून सांगतो" म्हणाला. छिंदवाड्याचे एक जण "गाडी राखून ठेवा, शनिवारी येतो" म्हणतात, पण बयान्याचं नाव काढत नाहीत. आणखी एक म्हणतो की तो कामठीला आर्मीत आहे आणि गाडी न पाहताच पूर्ण पैसे पाठवतो.

डीलर 2.90 च्या वर जात नाही, म्हणून स्वतःच विकायची आहे. दिवसा घरी मी आणि आई दोघीच असतो. खरं गिऱ्हाईक आधीच ओळखता येतं का? टेस्ट ड्राइव्ह कुणाला द्यायची? छिंदवाड्याच्या माणसासाठी थांबायचं का?

मानेवाडा_मिस्त्री

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तो आर्मीवाला नंबर आत्ताच ब्लॉक करा. तो गिऱ्हाईक नाहीच. ही जुनी ठगी आहे. आधी कॅन्टीन कार्ड नाहीतर ओळखपत्राचा फोटो पाठवतात, मग "आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणतात. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. चुकून गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

आता बाकीच्यांचं. दिवसाला 15-20 मेसेज येतात म्हणजे किंमत लोकांना झेपते आहे, गाळणी मात्र लागलेली नाही. मेसेजच आले नसते तर किंमत जास्त आहे असं समजायचं. लोक येऊन, पाहून, भाव न करताच निघून गेले असते तर जाहिरातीतली गाडी आणि समोरची गाडी यांत फरक आहे असं समजायचं. तुमचं या दोन्हींत बसत नाही, म्हणून किंमत कमी करायची घाई करू नका.

गाळणी जाहिरातीतच लावायची. सध्याचा मजकूर काढून असं काहीतरी टाका:

"वॅगनआर पेट्रोल, 2018, एमएच-31, फर्स्ट ओनर, 52 हजार किमी. लोन नाही, आरसीवर बोजा नाही. इन्शुरन्स अमुक तारखेपर्यंत, पीयूसी चालू, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावलेली, चलान बाकी नाही. डाव्या मागच्या दारावर ओरखडा (फोटो 9). पुढचे दोन टायर लवकर बदलावे लागतील. किंमत 3.60, बोलणी गाडी पाहिल्यावरच. गाडी सकाळी 7 ते 9.30 मध्येच दाखवली जाईल. एक्स्चेंज नाही, हप्त्याने नाही."

यातलं जे तुमच्या गाडीला लागू नाही ते अर्थातच बदला. पण गाडीतला दोष स्वतः आणि फोटोसकट लिहा, ते सगळ्यात जास्त कामाचं आहे. ओरखडा लपवला की माणूस येतो, ओरखड्याकडे बोट दाखवतो, 20 हजार कमी करा म्हणतो, तुम्ही नाही म्हणता आणि दोघांचा तास जातो. तोच ओरखडा फोटोत दिसला असेल तर आलेला माणूस तो धरूनच हिशेब करून आलेला असतो.

एचएसआरपीचं नक्की पाहा. तुमची गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, म्हणजे प्लेट तुम्हालाच बसवून घ्यावी लागते आणि तिच्याशिवाय नाव ट्रान्सफरचं काम अडतं.

"लास्ट किती?" ला आकडा सांगूच नका. तुम्ही 3.50 म्हटलं की तो आकडा दलालांच्या ग्रुपवर फिरतो आणि दुसऱ्या नंबरवरून कुणीतरी 3.20 चा फोन करतो, मग तिसरा 3.05 चा. हे ठरवून करतात, म्हणजे तुम्हालाच वाटायला लागतं की आपली किंमत चुकली. एकच उत्तर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा: "किंमत 3.60. गाडी पाहा, मग समोरासमोर बोलू. उद्या 7.30 किंवा 8.30 ला जमेल का? लायसन्स सोबत आणा. येण्याआधी 7 वाजता तुम्ही फोन करा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ज्याला घ्यायची आहे तो सकाळी 7 ला फोन करतो. नाही आला फोन तर तुम्ही घरातून निघायचंच नाही आणि त्याला आठवणही करून द्यायची नाही.

सकाळची वेळ सांगायला अजून एक कारण आहे. जाणता माणूस सोबत मिस्त्री आणतो आणि मिस्त्रीला थंड इंजिन हवं असतं. बोनेटवर हात ठेवून गाडी आधी तापवली आहे का ते तो पाहतो. थंड इंजिन सुरू करताना होणारा आवाज, सायलेन्सरचा धूर, आयडलिंग हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं. म्हणून "इंजिन थंड ठेवून दाखवू" एवढं लिहिलं तरी चांगली गिऱ्हाइकं आपोआप येतात. दुपारी 45 डिग्रीत एसी कसा चालतो हे ज्याला पाहायचं असेल त्याला दुसऱ्या भेटीत दाखवा. दुसऱ्यांदा एसी पाहायला येणारा माणूस जवळजवळ पक्का असतो.

आणि तुम्ही धरमपेठेत राहता म्हणून हा प्रश्न येणारच: 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात गाडी पाण्यात होती का? अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी आपल्याकडे किती गाड्यांत शिरलं ते शहराला माहीत आहे. नुसतं "नव्हती" म्हणून भागत नाही, दाखवा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून ठेवा, पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर गढूळ रेघ राहते. स्टेपनीची जागा मोकळी करून ठेवा, पुढच्या सीटचे रूळ दिसू द्या, तिथे गंज आणि वाळूसारखा गाळ राहतो. इन्शुरन्सची क्लेम हिस्ट्री कोरी असेल तर तिची प्रिंट ठेवा. हे न विचारता दाखवलं की पुढची अर्धी घासाघीस होतच नाही.

आरटीओ_कागदपत्र

मिस्त्रीदादांनी जाहिरातीचं सांगितलं, मी छिंदवाड्याचं आणि कागदांचं सांगतो.

मध्य प्रदेशातला खरा खरेदीदार पहिल्या फोनवर विचारतो, "एनओसी कोण काढणार?" कारण गाडी दुसऱ्या राज्यात जायची तर तुमच्या आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते, त्यासाठी चलान आणि टॅक्स बाकी असून चालत नाही, आणि मग त्याला तिकडे रोड टॅक्स भरून नवीन नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुमची 3.60 ची गाडी त्याला 3.60 ला पडतच नाही. हा हिशेब ज्याने केलेलाच नाही, तो एक तर अजून विचारातच आहे किंवा स्वतः दलाल आहे. तुम्हीच विचारून पाहा: "तिकडचा टॅक्स किती बसेल ते काढलं का?" उत्तरावरून कळेल.

बयान्याशिवाय गाडी राखू नका. 5 हजार पुरे. बयाना घेताना व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहा: "एमएच-31 वॅगनआर, ठरलेली किंमत अमुक, बयाना 5,000 मिळाला. शनिवार संध्याकाळी 6 पर्यंत येऊन बाकी रक्कम न भरल्यास गाडी दुसऱ्याला विकली जाईल. गाडी जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे नसल्यास बयाना पूर्ण परत." समोरून "मान्य" असं उत्तर घ्या. शेवटची अट ठेवाच, ती न्यायाची आहे, आणि ती नसेल तर गाडी न पाहिलेला शहाणा माणूस बयाना देणारही नाही.

आरसीचा फोटो सगळ्यांना पाठवू नका. चासिस नंबरचे शेवटचे पाच आकडे झाका, परिवहनच्या वेबसाइटवर बऱ्याच ठिकाणी तेच पाच आकडे विचारतात. फोटोवर आडवं "फक्त गाडी पाहण्यासाठी" लिहा. आधारचा फोटो सौदा पक्का होईपर्यंत कुणालाच नको.

पैशांचं: 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही, दंड घेतलेल्या रकमेएवढाच बसतो. म्हणून "सगळे कॅश देतो, 3.30 ला द्या" या आमिषात काही दम नाही. आरटीजीएस किंवा आयएमपीएस घ्या. पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँक ॲपमधल्या बॅलन्सवर पाहा. एसएमएस आणि समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट खोटे बनवता येतात. चेक असेल तर वटेपर्यंत चावी, मूळ आरसी आणि गाडी तुमच्याकडेच. "पैसे आज एवढेच आणले, बाकी सोमवारी" हा सौदा नाही, उधारी आहे.

धरमपेठ_31

दोघांनाही मनापासून धन्यवाद. आर्मीवाला ब्लॉक केला. छिंदवाड्याला टॅक्सचं विचारलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. दोन शंका आहेत. जाहिरातीत नंबर प्लेट झाकावी का? आणि टेस्ट ड्राइव्हला कुणी तिघं-चौघं आले तर?

वर्धा_रोड_जुन्या_गाड्या

प्लेट झाका, पण भेटीची वेळ पक्की झाली की नंबर द्या. गंभीर माणूस तो एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून मालकी, इन्शुरन्सची तारीख, बोजा सगळं घरीच पाहून येतो. नंबर मिळूनही ज्याने काहीच पाहिलेलं नाही, तो रविवारची चक्कर मारायला आलेला आहे.

एका गोष्टीत मिस्त्रीदादांपेक्षा माझं मत वेगळं आहे. फक्त मेसेजवर गाळणी लावू नका. भंडारा, उमरेड, काटोलकडची मोठी माणसं लिहीत बसत नाहीत, सरळ फोन करतात, आणि बऱ्याचदा तीच पक्की गिऱ्हाइकं असतात. फोन घ्या, पण दोनच मिनिटं. गाडी कुणासाठी हवी, पैसे तयार आहेत की लोन करायचं, आरटीओ कुठलं, एवढं विचारा. लोन म्हणाला तर बँकेने मंजूर केलं का ते विचारा. मंजुरीच्या आधी आलेला माणूस वाईट नसतो, पण त्याच्या बँकेचं व्हॅल्युएशन होईपर्यंत तुम्ही थांबायचं नाही. "भावासाठी पाहिजे" म्हणणाऱ्याला सांगा, भावालाच घेऊन या.

टेस्ट ड्राइव्ह घरून देऊ नका. शंकरनगर चौक मेट्रो स्टेशनजवळ किंवा कॅमेरे असलेल्या पेट्रोल पंपावर भेटा. तुमच्या बाजूने एक ओळखीचा माणूस गाडीत बसलाच पाहिजे. समोरच्यांपैकी दोघंच, तिसरा-चौथा खालीच थांबेल. आधी लायसन्स हातात घेऊन चेहरा जुळवा, फोटो काढून घरी पाठवा, इन्शुरन्स चालू आहे ना ते स्वतः पाहिलेलं असू द्या. सुरुवातीला तुमच्या माणसाने चालवायची, अर्ध्यात त्याला द्यायची. ड्रायव्हर बदलताना गाडी बंद करून चावी तुमच्या हातात. सगळे खाली उतरलेत आणि गाडी चालू आहे असं एक क्षणही होऊ देऊ नका, गाडी पळवतात ती तिथेच.

रस्ता तुम्ही ठरवा: रवीनगर, फुटाळा, तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, जपानी गार्डनवरून परत. 20-25 मिनिटांत सपाट रस्ता, ट्रॅफिक आणि चढ तिन्ही होतात. चढावर क्लच घसरतो की नाही ते लगेच कळतं, म्हणजे "अजून एकदा हायवेवर नेऊन पाहू" म्हणायला जागा राहत नाही. आणि आधी दहा मिनिटं उभ्या गाडीजवळच बोला. ज्याने बोनेट उघडायला सांगितलं नाही, टायरवरचे चार आकडे वाचले नाहीत (टायर बनल्याचा पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष), सर्व्हिसची बिलं मागितली नाहीत आणि सरळ चावी मागितली, त्याला चक्कर देऊ नका.

त्यांच्या मिस्त्रीने काही काढलं तर वाद घालू नका. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर रंग उडाला आहे, म्हणजे ठोकलेली आहे, असं हमखास म्हणतात. कधी ते खरं असतं, कधी नुसता भाव पाडायला असतं. तुमच्या भरवशाच्या गॅरेजमधून आधीच तपासून लेखी घेऊन ठेवा, टायर-बॅटरीचे दर माहीत असू द्या. दोन टायरचे जेवढे होतात तेवढे कमी करा, त्यावर "एवढ्या लांबून आलो" म्हणून काही नाही. तुमचा खालचा आकडा कागदावर लिहून घरी ठेवा आणि तो आईलाही माहीत असू द्या.

पितृपक्ष तोंडावर असेल तर नुसत्या चौकश्या वाढतात, बयाना कुणी देत नाही. तेव्हा किंमत पाडू नका, दसऱ्याला तीच माणसं परत येतात.

आरटीओ_कागदपत्र

कोरा फॉर्म 29 किंवा 30 (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सही करून देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. दोन्हींवर खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख भरलेली हवी. स्टॅम्प पेपरवर करार केला म्हणजे नाव बदललं असं होत नाही. आरटीओच्या नोंदीत तुमचं नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून विक्री झाल्यापासून 14 दिवसांच्या आत फॉर्म 29 ने तुम्ही स्वतः आरटीओला कळवा, खरेदीदार करेल म्हणून थांबू नका. ऑनलाइन अर्जात ओटीपी लागतो, तेव्हा आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते आजच पाहा, नाहीतर पैसे घेऊन समोर उभा असलेला माणूस त्यापायी परत जाईल.

शेवटी डीलरलाच द्यायची वेळ आली तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. असेल तर गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये पोर्टलवर जाते आणि पुढची जबाबदारी त्याची होते.

गाडी देताना पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, अगदी मिनिटासकट, आणि मीटरचा फोटो काढा. त्याच संध्याकाळी त्याने सिग्नल तोडला तर ई-चलान तुमच्याच मोबाइलवर येणार आहे. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्याचं पत्र इन्शुरन्स कंपनीकडून मागून घ्या. नवीन गाडी घ्याल तेव्हा प्रीमियममध्ये सूट मिळेल.