शब्दचर्चा: 'प्रत्येक अविभाज्य घटक अविभाज्य असतो' (रिंग थिअरी)

चेंदणीकर:
ठाण्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला बीजगणित शिकवते. वर्गात आसनगाव, टिटवाळ्याहून येणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली बरीच मुलं आहेत. त्यांच्यासाठी रिंग थिअरीची (पूर्णांकांसारखी बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणाऱ्या संचांच्या अभ्यासाची) टिपणं मराठीत लिहायला घेतली. वलय (रिंग), क्षेत्र (फील्ड, म्हणजे शून्य सोडून कशानेही भागता येतं असं वलय), बहुपदी, कोटी (डिग्री), सहगुणक इथपर्यंत गाडी नीट चालली. मग अडकली. प्राइम आणि इर्रिड्यूसिबल, दोन्हींना मी 'अविभाज्य' लिहीत होते आणि काल प्रमेय उतरलं ते असं: 'अवयवीकरण एकमेव असलेल्या प्रांतात प्रत्येक अविभाज्य घटक अविभाज्य असतो.' नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, मग यात सिद्ध काय करायचंय?

इर्रिड्यूसिबल म्हणजे ज्याचे (एककं, म्हणजे १ ला भागणारे घटक, सोडली तर) अवयव पडत नाहीत. प्राइम म्हणजे जो एखाद्या गुणाकाराला भागत असेल तर त्यातल्या एकाला तरी भागतोच. पूर्णांकांत दोन्ही एकच, म्हणून शाळेत एका शब्दावर भागतं. पण अ + ब√−५ अशा संख्यांच्या वलयात नाही भागत. तिथे ६ = २ × ३ आणि ६ = (१ + √−५)(१ − √−५). इथे २ चे अवयव पडत नाहीत, कारण अ^२ + ५ब^२ = २ होईल असे पूर्णांक अ, ब नाहीतच. पण तो उजवीकडच्या गुणाकाराला भागतो आणि दोन्ही कंसांपैकी एकालाही भागत नाही. म्हणजे इर्रिड्यूसिबल आहे, प्राइम नाही. हे वाक्य मराठीत लिहून दाखवा.

पाचपाखाडी:
सोपं आहे. प्राइमला 'मूळ' म्हणा, शाळेत मूळ संख्याच म्हणतात. इर्रिड्यूसिबलला 'अविभाज्य'. '२ अविभाज्य आहे, पण मूळ नाही.' झालं.

ऐरोलीची लोकल:
झालं कसं? समीकरणाच्या रूटलाही मूळच म्हणतात की. 'मूळ बहुपदीला परिमेय मूळ नसते' असं वाक्य आलं की पोरं पुस्तक मिटून वडापाव खायला जातील.

चेंदणीकर:
अगदी तेच. शिवाय एक गंमत बघा. शाळेत मूळ संख्येची व्याख्या काय करतात? 'जिला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असतात ती.' ही तर इर्रिड्यूसिबलची व्याख्या झाली! प्राइमचा खरा गुणधर्म युक्लिडच्या सातव्या पुस्तकात वेगळा सिद्ध केलाय, तो आपण दहावीपर्यंत न सांगता वापरतो. म्हणजे पाचपाखाडी म्हणतात तसं केलं तर मुलांच्या डोक्यात पाचवीपासून बसलेला शब्द मी नेमका उलट्या अर्थाने वापरणार.

नौपाड्याची नात:
इर्रिड्यूसिबलला 'अभंग' म्हणा ना! जो भंगत नाही तो. अभंग बहुपदी. आणि बहुपदीत 'पद' आहेच, त्यामुळे वारकऱ्यांचीही सोय.

पाचपाखाडी:
ताई, शब्द गोड आहे, पण अवयव न पडणं हा बहुपदीचा अंगभूत गुण नाही हो. ती कुठल्या घरात बसलीय त्यावर आहे. क्ष^२ + १ घ्या. वास्तव संख्यांवर अवयव पडत नाहीत. मॉड्युलो ५ मध्ये (५ ने भागून उरणारी बाकीच धरली तर) तीच (क्ष + २)(क्ष + ३) होते, कारण मधलं ५क्ष म्हणजे शून्य आणि ६ म्हणजे १. आणि क्ष^४ + १ तर कहर आहे. परिमेय संख्यांवर अवयव पडत नाहीत, पण कुठलीही मूळ संख्या घेऊन मॉड्युलो करा, पडतात. याला अभंग कसं म्हणायचं?

नौपाड्याची नात:
'परिमेयांवर अभंग' म्हणायचं. 'अविभाज्य' म्हणताना तरी तुम्ही 'कशावर' हे सांगताच ना?

पाचपाखाडी:
हं. ते आहे.

बेलापूरचा रसायनवाला:
मला मुळात 'वलय'च खटकतं. आम्ही बेंझीनच्या रिंगला वलय म्हणतो ते बरोबर आहे, कार्बन खरोखर गोल बसलेले असतात. तुमच्या रिंगमध्ये गोल काय आहे?

ऐरोलीची लोकल:
घड्याळ, काका. अकरा नंतर बारा, मग परत एक. मॉड्युलो १२.

पाचपाखाडी:
हे सगळेच सांगतात. पण पूर्णांकांची रिंग कुठे फिरून परत येते? ती दोन्ही बाजूंनी अनंतापर्यंत सरळ जाते. रिंग हा शब्द जर्मन गणिती हिल्बर्टने १८९७ च्या संख्याक्षेत्रांवरच्या अहवालात वापरला, तिथे घड्याळ नाही. एक समजूत अशी की √−५ सारख्या संख्येचे घात चढवत गेलं की ते खालच्या घातांत परत येतात: वर्ग केला की −५, पुन्हा साधा पूर्णांक. दुसरी समजूत, जर्मनमध्ये रिंग म्हणजे टोळकं, मंडळी असाही अर्थ आहे. मला दुसरी जास्त पटते. ते खरं धरलं तर वलय, कडं, वेढं सगळंच चुकलं, 'मंडळ' म्हणायला हवं होतं.

बेलापूरचा रसायनवाला:
गणेशोत्सव मंडळ!

कोपरखैरणे सेक्टर:
हिल्बर्टच्या आधी डेडेकिंड या जर्मन गणितीने फील्डला 'कॉर्पर' म्हटलं होतं, म्हणजे शरीर. आपण त्याचं केलं क्षेत्र, इंग्रजीच्या मागे जाऊन. शरीर ठेवलं असतं तर आपल्याकडे अवयव तयारच होते. मराठी हातचं सोडून पळत्याच्या मागे लागते ती अशी.

चेंदणीकर:
फील्डमध्ये शून्य सोडून सगळेच एकक असतात, तिथे अवयव पाडण्यात काही राम नसतो. पण कल्पना आवडली. 😄

कोपरखैरणे सेक्टर:
मी गंभीरपणे बोलतोय. आपण इंग्रजी शब्दाचं भाषांतर करतो, कल्पनेचं नाही. आयडियलला (वलयाच्या एका खास प्रकारच्या उपसंचाला) 'आदर्श' म्हणणारे लोक मी पाहिलेत. गणिती कुमरच्या 'आदर्श संख्या' होत्या, कारण त्या प्रत्यक्षात नव्हत्या, अवयवीकरण एकमेव राहावं म्हणून मानलेल्या. त्यावरून डेडेकिंडने १८७१ मध्ये आयडियल आणलं. हा इतिहास ठाऊक नसलेल्या मुलाला 'आदर्श' म्हणजे थोरांचं चरित्र वाटणार.

ऐरोलीची लोकल:
मग आयडियलच लिहा ना देवनागरीत. रिंगही लिहा. बस, टेबल, मोबाईल चालतं, रिंगने काय पाप केलंय? पेपर इंग्रजीतच लिहायचाय त्यांना शेवटी.

पाचपाखाडी:
'दिनांक' आणि 'महापौर' यांनाही लोक हसले होते. आज ठाण्याच्या महापौरांना मेयर म्हणून बघा. शब्द वापरला की रुळतो.

ऐरोलीची लोकल:
महापौर रोज पेपरात येतात. बहुपदीचे अवयव पडत नाहीत हे ओळखायचा आयझेनस्टाइनचा निकष कधी आला पेपरात?

नौपाड्याची नात:
परीक्षेच्या पेपरात येतो, दरवर्षी!

वाशीगाव:
मध्येच एक. आमच्या क्लासचे सर सांगायचे, बहुपदीला मुळं नसली तर अवयव पडत नाहीत. मग मूळ आणि मूळ एकच शब्द असला तर काय बिघडतं?

चेंदणीकर:
ते कोटी दोन आणि तीनपुरतंच खरं आहे, आणि तेही सहगुणक एखाद्या फील्डमधले असतील तर. क्ष^४ + ४ घ्या. वास्तव मूळ एकही नाही, कारण क्ष^४ ऋण होत नाही. तरी ४क्ष^२ मिळवून वजा करा: (क्ष^२ + २)^२ − (२क्ष)^२, म्हणजे (क्ष^२ + २क्ष + २)(क्ष^२ − २क्ष + २). दरवर्षी निम्मा वर्ग इथे पडतो. म्हणून तर रूट आणि प्राइमला एक शब्द मला नकोय.

बेलापूरचा रसायनवाला:
'पडतो' वरून आठवलं. अवयव 'पाडणे' हे क्रियापद कुणी आणलं असेल? आमचे मास्तर 'अवयव काढा' म्हणायचे आणि 'पाडा' म्हणणाऱ्याला 'दात आहेत का ते?' विचारायचे.

कोपरखैरणे सेक्टर:
पाडणे म्हणजे नुसतं खाली आणणं नाही. नाणी पाडतात. पायंडा पाडतात, छाप पाडतात, भिंतीला भोक पाडतात. आमच्या गावाकडे विहीरसुद्धा पाडतात. नव्हतं ते घडवलं की पाडलं.

नौपाड्याची नात:
अवयव आधीपासून होतेच की आत, घडवले कुठे? त्या न्यायाने 'काढा' बरोबर.

कोपरखैरणे सेक्टर:
विहिरीतलं पाणीही आधीपासूनच असतं.

पाचपाखाडी:
आणि 'तुकडे पाडणे' राहिलं. ते सगळ्यात जवळचं. एकाचे अनेक होतात आणि बेरीज... चुकलो, गुणाकार तोच राहतो.

बेलापूरचा रसायनवाला:
आंबे पण पाडतात. त्यात काय घडवलं?

कोपरखैरणे सेक्टर:
आंबे 'उतरवतात' हो काका. पाडतात ती पोरं, दगड मारून.