मदत हवी आहे: जपानी ऑफिसातलं ‘न बोललेलं’ कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून टोकियोला आलोय. जेएलपीटी एन ३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) झालीये, पण गाडी अडते ती न बोललेल्या गोष्टींवर.

परवा मीटिंगमध्ये डिलिव्हरी दोन आठवडे पुढे ढकलू या, असं सुचवलं. क्लायंटच्या साहेबांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली, "चोत्तो मुझुकाशी देसु ने..." म्हणाले आणि गप्प. मला वाटलं, जरा अवघड आहे म्हणजे जमवतील कसंतरी. मी उत्साहाने पुढची स्लाइड लावली! नंतर आमच्या सेनपाईने, म्हणजे ऑफिसातल्या सीनियरने सांगितलं, तो चक्क नकार होता. "केंतो शिमासु", म्हणजे ‘विचार करतो’, याचाही बहुतेक वेळा तोच अर्थ म्हणे. थोडक्यात, आपल्या स्थळवाल्यांचं ‘कळवतो’!

आता ‘नेमावाशी’ करून बघणार आहे, म्हणजे मीटिंगआधीच एकेकाला गाठून विषय कानावर घालायचा. (झाड दुसरीकडे हलवण्याआधी मुळांभोवती खणतात, त्यावरून आलेला शब्द.) पण सुरुवात कोणापासून करू? थेट काचोंकडे, म्हणजे सेक्शनच्या प्रमुखांकडे गेलो, तर खालच्यांना डावलल्यासारखं होईल का? आणि ती शांतता पसरते तेव्हा आपणही गप्पच बसायचं का? मला तर दहा सेकंदही धीर धरवत नाही.

जपानमध्ये मुरलेल्यांनी प्लीज सांगा. पुढची मीटिंग गुरुवारी आहे.