धोक्याच्या जागेवरची वस्ती हलवावी की नाही?

पूररेषा
माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे पूर, त्सुनामी किंवा ज्वालामुखीचा चिखल पुन्हा येणार हे पक्कं ठाऊक आहे, तिथली वस्ती सरकारने हलवली पाहिजे. लोकांची नाराजी पत्करूनसुद्धा.

कोलंबियातलं आर्मेरो घ्या. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेवाडो देल रुइझ या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. उद्रेक तसा लहानच, पण शिखरावरचं बर्फ वितळलं आणि राख, दगड, चिखल यांचा लोंढा दरीतून खाली आला. सुमारे २३,००० माणसं गेली. १८४५ मध्येही असाच लोंढा तिथे आला होता आणि त्याच गाळावर पुढे हे गाव वसलं. धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार होता. एवढं सगळं माहीत असताना माणसं तिथेच राहिली, याला नशीब म्हणायची माझी तयारी नाही.

याउलट जपानमधलं आनेयोशी. १९३३ च्या त्सुनामीनंतर गावकऱ्यांनी चढावर दगड रोवला: याच्या खाली घरं बांधू नका. २०११ मध्ये पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं, घरं शाबूत राहिली.

दर्यावर्दी
अजिबात पटलं नाही. आर्मेरोचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. लोंढ्याला गावापर्यंत यायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात माणूस चालत उंचावर जातो. गाव खाली करा हा इशारा वेळेवर लोकांपर्यंत पोहोचला नाही, म्हणून माणसं गेली.

बंगालच्या उपसागराचा बांगलादेशातला किनारा बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं मेली असं मानतात. १९९१ मध्ये साधारण १ लाख ४० हजार. २००७ च्या सिद्र वादळात सुमारे साडेतीन हजार. मधल्या काळात किनारा रिकामा झाला नाही, उलट लोकसंख्या वाढली. बदललं ते एवढंच: वादळाची सूचना, उंच निवारे, बंधारे आणि गावोगावचे स्वयंसेवक. हे स्वयंसेवक भोंगा घेऊन दारोदार फिरतात, म्हाताऱ्यांना उचलून नेतात.

आणि हलवायचं म्हणजे कुठे? मासेमाराला समुद्रापासून लांब पक्कं घर दिलंत, तर होडी कोण राखणार? भरती त्याच्या बसच्या वेळेला येत नाही. फिलिपिन्समध्ये २०१३ च्या हैयान वादळानंतर ताक्लोबानची किनाऱ्यावरची कुटुंबं शहराच्या उत्तरेला नेली. तिथे बराच काळ नळाचं पाणी नव्हतं आणि काम मात्र जुन्याच जागी होतं. कामासाठी माणसं परत किनाऱ्याकडेच जाणार.

सिमेंटवाळू
इमारतींच्या कामात आहे, म्हणून भूकंपापुरतं लिहितो. भूकंपाच्या पट्ट्यातून माणसं हलवायची म्हटली तर अर्धं जग हलवावं लागेल. तिथे प्रश्न घराचाच आहे.

२०१० मध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने दोन भूकंप झाले. हैतीत ७.० तीव्रतेचा, चिलीत ८.८ चा. चिलीच्या भूकंपातून बाहेर पडलेली ऊर्जा हैतीच्या साधारण पाचशे पट. तरी चिलीत ५०० च्या आसपास माणसं गेली आणि हैतीत बहुतेक अंदाज लाखाच्या वर जातात. हैतीचा भूकंप दाट वस्तीच्या राजधानीजवळ आणि उथळ होता, हे खरं. पण चिलीने १९६० च्या महाभूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळलेही. हैतीत पाळायला नियमच नव्हते म्हटलं तरी चालेल.

पाळायचे म्हणजे काय, तर कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा जवळजवळ बांधायच्या आणि त्यांची टोकं आत वळवायची, म्हणजे हादऱ्यात कॉलम फुटला तरी आतलं काँक्रीट धरून राहतं. तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभा करायचा नाही. खर्च फार वाढत नाही, पण स्लॅब पडल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही आणि तिथेच चोरी होते. तुर्कस्तानने २०१८ मध्ये बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून दिली. २०२३ च्या भूकंपात त्या देशात ५०,००० हून जास्त माणसं मेली. असा शिक्का मारणाऱ्यांवर खटले चालायला हवेत, हे माझं ठाम मत.

पूररेषा
सिमेंटवाळू, भूकंपाबद्दल मान्य. माझं म्हणणं पाणी आणि चिखल जिथे ठरलेल्या वाटेने येतात तेवढ्यापुरतं.

दर्यावर्दी, तुम्ही मोजलंत ते फक्त प्राण. निवाऱ्यातून जिवंत परतलेल्या माणसाचं घर गेलेलं असतं, जनावरं गेलेली असतात, शेतात खारं पाणी साचलेलं असतं. कर्ज काढून तो पुन्हा उभा राहतो आणि काही वर्षांत पुन्हा तेच. ही गरिबी कुठल्या आकड्यात येते? गाव हलू शकतं. अमेरिकेत १९९३ च्या मिसिसिपीच्या पुरानंतर व्हाल्मेयर हे गाव नदीकाठ सोडून वरच्या कड्यावर गेलं आणि टिकलंही.

दर्यावर्दी
व्हाल्मेयरच्या लोकांनी ते स्वतः ठरवलं. तुम्ही सुरुवातीलाच ‘नाराजी पत्करूनसुद्धा’ असं लिहिलंय. माझा विरोध त्या दोन शब्दांना जास्त आहे.

गाळपेर
बंधाऱ्यांबद्दल थोडं. भिंत बांधली की लोक निर्धास्त होतात आणि भिंतीच्या आडोशाला आणखी घरं उठतात. मग एखाद्या वर्षी पाणी भिंतीहून उंच येतं आणि नुकसान पूर्वीपेक्षा जास्त होतं. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच मांडलं होतं की पूर निसर्ग आणतो, पण पुराचं नुकसान बहुतांशी माणूस ओढवून घेतो. जपानच्या तारो गावाला १० मीटर उंच भिंत होती. २०११ मध्ये पाणी तिच्यावरून आलं.

डच लोकांनी १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गमावली आणि समुद्राचं पाणी अडवणारी मोठमोठी धरणद्वारं बांधली. पण १९९३ आणि १९९५ मध्ये नद्या फुगल्यावर त्यांनी काही ठिकाणी बंधारे मागे घेतले, नदीला पसरायला जागा दिली. त्यासाठी काही घरं आणि शेतं हलवावी लागलीच. तेव्हा दर्यावर्दी, सूचना आणि निवारे एवढ्यावर भागत नाही.

मधुमालती
तुम्ही सगळे ‘वस्ती’ म्हणताय, जणू तिथे राहणारे सगळे सारखेच. घर हलवताना कागद कुणाच्या नावावर आहे ते बघतात. भाडेकरू, अतिक्रमणात राहणारे, विधवा सुना यांना नवं घर मिळतच नाही. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर दक्षिणेच्या भागात किनाऱ्यापासून १०० आणि उत्तर-पूर्वेच्या भागात २०० मीटरपर्यंत घरं बांधायला बंदी आली. हॉटेलांना मात्र सूट. पुढे तो पट्टा कमी करावा लागला. अशी बंदी कोळ्यांना धोक्यातून सोडवण्यासाठी आहे यावर मी का विश्वास ठेवू?

आणि दर्यावर्दी, निवारे आहेत म्हणून समाधान मानू नका. बांगलादेशातल्या १९९१ च्या वादळात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त मेल्या. घर सोडायला घरच्या पुरुषाचं ‘हो’ लागायचं, आणि निवाऱ्यात आडोसा नाही, संडास नाही, म्हणून कित्येकींनी जाणं टाळलं. याची चर्चा वादळाआधी व्हायला हवी, आणि त्यात बायका बसलेल्या हव्यात.

पूररेषा
मधुमालती, हॉटेलांच्या सुटीबद्दल पूर्ण सहमत. बंदी असेल तर ती सगळ्यांना. ‘नाराजी पत्करूनसुद्धा’ हे मात्र मी मागे घेत नाही. ज्या दरीतून लोंढा येतो तिथे वाढणाऱ्या मुलांना कुणी विचारलेलं नसतं.

दर्यावर्दी
मुलांचंच म्हणत असाल तर इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट बघा. १९०७ ची त्सुनामी तिथे आजी-आजोबांच्या गोष्टींत टिकून होती: जमीन हादरली, समुद्र मागे सरकला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये बेटावर ७० हजारांच्या वर लोक होते, मेले सात.

गाळपेर
त्यांना पळायला डोंगर जवळ होता. जिथे मैलोन्‌मैल सपाट गाळाची जमीन आहे तिथे काय करायचं, ते सांगा.